लाईन जाते त्या गावात आकाशगंगांची टक्कर कशी लावायची

आमचं दुकान आर्णी-दिग्रस रोडवरच्या एका गावात आहे. सातबारा काढून देणं, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स, लग्नाचा सीझन असला की पत्रिका. दुकानात एक जुना डेस्कटॉप आहे. चार कोअरचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, नागपूरहून सेकंडहँड आणलेला. दिवसा त्याच्यावर फॉर्म भरतो आणि रात्री शटर खाली ओढलं की त्याच्यावर दोन आकाशगंगा एकमेकींवर आदळवतो, म्हणजे त्यांच्या टकरीचं सिम्युलेशन, कॉम्प्युटरवरची नक्कल, चालवतो. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र होतं. पुढचं शिकणं राहून गेलं, हौस तेवढी उरली.

मागच्या महिन्यात अमरावतीला शिकणाऱ्या भाचीचा फोन आला, "मामा, तुमी ते गॅलक्सीवालं चालवता ना, मले बी लावून द्या लॅपटॉपवर." मग तीन संध्याकाळी मी फोनवर एकेक कमांड सांगत गेलो आणि ती टाइप करत गेली. खालचं सगळं त्याच बोलण्यातून उतरवलंय, म्हणून कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या, आणि जिथं मी 'मोठं अक्षर' म्हणतो तिथंच मोठं.

आधी अपेक्षा ठिकाणावर आणू. यूट्यूबवर इलस्ट्रिस टीएनजी या विश्वाच्या भल्यामोठ्या सिम्युलेशनांचे व्हिडिओ पाहून भाचीला तेच हवं होतं. त्यातल्या टीएनजी५० या एका सिम्युलेशनला १० कोटींपेक्षा जास्त कोअर-तास (एक कोअर एक तास राबला की एक कोअर-तास) लागले. आपल्या चार कोअरवर ते आज लावलं तर अडीच कोटी तास, म्हणजे २,८०० वर्षं. तेवढी लाईन आमच्याकडं राहत नाही.

आपल्याला झेपेल ते गॅजेट. जर्मनीत म्युनिकजवळ गार्शिंगला माक्स प्लांक खगोलभौतिकी संस्था आहे, तिथल्या फोल्कर श्प्रिंगेल यांनी हा कोड लिहिला. २००५ साली गाजलेलं मिलेनियम सिम्युलेशन, सुमारे एक हजार कोटी कणांचं, ते गॅजेट-२ च्याच एका आवृत्तीवर चाललं होतं. आता गॅजेट-४ फुकट मिळतो, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली. त्याच्या एक्झाम्पल्स फोल्डरात 'जी२ गॅलक्सी' नावाचा नमुना आहे. दोन तबकडीच्या आकाशगंगा, मिळून २०,००० कण ताऱ्यांचे आणि ४०,००० कण कृष्णद्रव्याच्या (न दिसणारं, फक्त ओढीनं जाणवणारं द्रव्य) प्रभामंडळाचे. वायू नाही, तारे जन्मत नाहीत, नुसतं न्यूटनचं गुरुत्वाकर्षण. पहिल्यांदा हेच लावा.

साठ हजार कण म्हणजे फार नाहीत असं वाटेल. पण प्रत्येकाचं प्रत्येकाशी ओढणं मोजायला गेलं तर वेळेच्या एका पावलाला १८० कोटी जोड्या होतात. गॅजेट तसं करत नाही. लांबच्या कणांचा पुंजका तो एकच जड कण धरतो. बार्न्स आणि हट या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेली झाडाची पद्धत ती हीच. काम सगळ्या जोड्या मोजण्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी होतं, म्हणून तर झेरॉक्सच्या दुकानात जमतं. त्याही आधी, १९४१ मध्ये, एरिक होल्मबर्ग या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञानं कॉम्प्युटरशिवाय हे केलं होतं. एकेका आकाशगंगेला ३७ बल्ब, एकूण ७४. प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो आणि गुरुत्वही. मग फोटोसेलनं उजेड मोजायचा, ते झालं बल, त्याप्रमाणे बल्ब थोडे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. चौऱ्याहत्तर बल्ब एकावेळी जळत राहतील असं गाव त्याला मिळालं होतं, हे त्याचं नशीब.

आता कामाला लागू. मशीनवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर उत्तम. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, घालून आत उबंटू घ्या. फक्त डब्ल्यूएसएल मुळातच आतल्या उबंटूला अर्ध्यापर्यंतच रॅम देतं, हे लक्षात ठेवा. पुढं रॅमचा हिशेब येणार आहे.

टर्मिनल उघडून 'सुडो, स्पेस, एपीटी, स्पेस, इन्स्टॉल' आणि पुढं पॅकेजांची नावं, प्रत्येकाच्या मधे स्पेस. कंपायलरसाठी 'बिल्ड डॅश इसेन्शियल'. कोड उतरवायला 'गिट'. चारही कोअर एकत्र राबवायला 'ओपनएमपीआय डॅश बिन' आणि 'लिबओपनएमपीआय डॅश डेव्ह'. गणिताच्या लायब्ररी दोन, 'लिबजीएसएल डॅश डेव्ह' आणि 'लिबएफएफटीडब्ल्यू३ डॅश डेव्ह'. आउटपुट लिहायला 'लिबएचडीएफ५ डॅश डेव्ह'. शेवटी चित्र काढायला 'पायथन३ डॅश एच५पाय' आणि 'पायथन३ डॅश मॅटप्लॉटलिब'. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे उतरायला वेळ लागतो, मी जेवून येतो.

मग गॅजेट-४ च्या पानावर दिलेल्या पत्त्यानं 'गिट क्लोन' करायचं. नमुन्यांच्या सुरुवातीच्या स्थितीच्या फाइली कोडबरोबर येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. नेट तुटत असेल तर 'डब्ल्यूगेट डॅश सी' वापरा, अर्धवट राहिलेलं डाउनलोड तिथूनच पुढं चालू होतं.

क्लोन झाला की आत 'टेम्प्लेट डॅश मेकफाइल डॉट सिसटाइप' नावाची फाइल दिसेल. तिची कॉपी करून नाव नुसतं 'मेकफाइल डॉट सिसटाइप' ठेवायचं (टेम्प्लेटचा टी आणि मेकफाइलचा एम मोठा) आणि साध्या जीसीसी कंपायलरची ओळ शोधून तिच्या पुढचं हॅशचं चिन्ह काढायचं. एकाच ओळीचं.

इथं ऐंशी टक्के लोक अडकतात असं म्हणणार होतो, पण मी ओळखतो असे लोक दोनच, मी आणि भाची. दोघंही अडकलो. मेक (कोड कंपाइल करायची कमांड) मारलं की एरर येते की 'एचडीएफ५ डॉट एच' ही फाइल सापडत नाही. पॅकेज तर आत्ताच घातलं! होतं असं की उबंटू एचडीएफ५ दोन तऱ्हेचं ठेवतं, एक साधं आणि एक एमपीआयवालं, त्यामुळं फाइल नेहमीच्या जागी नसून 'यूएसआर, इन्क्लूड, एचडीएफ५, सिरियल' या फोल्डरात असते. लायब्ररी 'यूएसआर, लिब, एक्स८६ अंडरस्कोअर ६४ डॅश लिनक्स डॅश जीएनयू, एचडीएफ५, सिरियल' मध्ये. बिल्डसिस्टम फोल्डरात लायब्ररींचे रस्ते लिहिलेली छोटी फाइल आहे. तिच्यात एचडीएफ५ च्या इन्क्लूडच्या ओळीला डॅश आणि मोठा आय लावून पहिला रस्ता द्यायचा, लिबच्या ओळीला डॅश आणि मोठा एल लावून दुसरा.

हे फोनवर सांगताना पाऊण तास गेला. मी म्हणतो मोठा आय, ती म्हणते टाकला, आणि एरर तीच. शेवटी स्क्रीनचा फोटो मागवला. तिनं छोटा एल टाकला होता. टर्मिनलच्या त्या फाँटात मोठा आय आणि छोटा एल जुळे भाऊ. "मामा, मले तर दोन्ही सारखेच दिसून रायले." मलाही. म्हणून आता मी सांगतो, कीबोर्डवर शिफ्ट दाबून यू आणि ओ च्या मधलं बटन.

नमुना जसाच्या तसा चालवू नका. त्याच्या फोल्डरची कॉपी करा, नाव द्या 'टक्कर१', आणि जे काय बदलायचं ते तिथं बदला. मूळ नमुना कोरा राहिला पाहिजे, नाहीतर आठ दिवसांनी आपण काय बदललं ते आपल्यालाच आठवत नाही. मग 'मेक, स्पेस, डीआयआर मोठ्या अक्षरांत, बरोबरचं चिन्ह, टक्कर१'. कंपाइल होऊन त्या फोल्डरात 'गॅजेट४' नावाची चालणारी फाइल तयार होते.

फोल्डरात दोन फाइली महत्त्वाच्या. 'कॉन्फिग डॉट एसएच' ठरवते की कोडात काय काय शिवायचं: स्वतःचं गुरुत्वाकर्षण हवं का, वायू हवा का, कणांचे प्रकार किती. 'परम डॉट टीएक्सटी' ठरवते की शिवलेला कोड कसा चालवायचा: कुठून कुठपर्यंत, किती वेळानं चित्र टिपायचं, फाइली कुठं. कॉन्फिगमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी पुन्हा मेक. परममध्ये बदललं तर नुसतं पुन्हा चालवायचं. ही गोष्ट भाचीला मी तीनदा सांगितली. कशाला तीनदा, ते शेवटी कळेल.

परममध्ये पहिल्यांदा 'इनिटकाँडफाइल' समोर उतरवलेल्या फाइलीचा पूर्ण रस्ता टाका. परममध्ये सेटिंगचं जास्तीचं नाव ठेवलं किंवा एखादं गाळलं तर गॅजेट चालायलाच नकार देतो आणि कुठलं नाव खटकलं ते सांगतो. चांगली सवय आहे, रागावू नका. 'स्नॅपफॉरमॅट' ३ ठेवा, म्हणजे आउटपुट एचडीएफ५ मध्ये मिळेल. एककं तपासून घ्या: लांबी एक किलोपार्सेक (खगोलातलं अंतराचं माप), वेग सेकंदाला एक किलोमीटर, वस्तुमान एक हजार कोटी सूर्य. लांबीला वेगानं भागलं की वेळेचं एकक येतं साधारण ९८ कोटी वर्षं. म्हणजे लॉगमध्ये 'टाइम' समोर ०.१ दिसलं तर आकाशगंगांचे जवळपास दहा कोटी वर्षं गेले आणि आपला एक चहा झाला.

आता रॅम. 'मॅक्समेमसाइज' हा आकडा एका प्रक्रियेला (दर कोअरवर एक चालते) किती एमबी द्यायचे ते सांगतो, सगळ्या मिळून नाही. शिवाय गॅजेट-४ मेमरी 'डेव्ह, एसएचएम' या सामायिक जागेतून घेतो आणि लिनक्स ती जागा मुळात अर्ध्या रॅमइतकीच ठेवतं. माझे ८ जीबी, त्याचे अर्धे ४, चार प्रक्रियांत वाटले तर एकेकीला हजाराच्या आत. मी ९०० लिहितो. सुरुवातीला १८०० ठेवले होते तेव्हा कोड उघडताच बंद पडायचा आणि मी उगाच कंपायलरला दोष देत बसलो होतो.

चालवायची कमांड: 'एमपीआयरन, स्पेस, डॅश एनपी, स्पेस, ४, स्पेस, डॉट स्लॅश, गॅजेट४ (जी मोठा), स्पेस, परम डॉट टीएक्सटी'. भाचीच्या लॅपटॉपला खरे कोअर दोनच, थ्रेड चार, म्हणून ४ टाकल्यावर ओपनएमपीआयनं सांगितलं की एवढ्या जागा नाहीत. तिनं २ टाकले, चाललं. दुकान उघडं असताना मीही चारही कोअर देत नाही. एकदा दिले आणि ब्राउझर इतका संथ झाला की समोर बसलेल्या काकांचा ओटीपी येऊन संपून गेला. काका म्हणाले, "काय चालू हाय रे बाबू त्या डब्यात, पंखा पाह्य कसा बोंबलून रायला." त्या पंख्याचंही बघा. जिनिंग सुरू झाल्या की आमच्याकडं हवेत कापसाचे तंतू असतात आणि ते प्रोसेसरच्या पंख्यात जाऊन गादी करतात. प्रोसेसर तापला की आपला वेग कमी करतो, कुठली एरर येत नाही, नुसतं काम दुप्पट वेळ चालतं. मी दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी ब्रश मारतो.

लाईनीचा विषय आता. जी२ गॅलक्सी माझ्या मशीनवर एका बसणीत होऊन जातं. पण चटक लागली की तुम्ही पुढच्या नमुन्यावर जाणारच, डीएम-एल५०-एन१२८. त्यात १२८ चा घन, म्हणजे जवळपास २१ लाख कण. हा मी पहिल्यांदा लावला तेव्हा रात्रभर चालू ठेवला. पहाटे तीनला लाईन गेली, इन्व्हर्टर दोन तास ओढून आडवा झाला. सकाळी पाहतो तर शेवटची रीस्टार्ट फाइल कितीतरी तास जुनी. रात्रीचं बरंचसं काम पाण्यात.

रीस्टार्ट फाइल म्हणजे कोडाची जशीच्या तशी गोठवलेली अवस्था. ती किती वेळानं लिहायची हे 'सीपीयूटाइमबेटरीस्टार्टफाइल' मध्ये सेकंदांत देतात. मी ९०० ठेवतो, पंधरा मिनिटं. नवी लिहिताना गॅजेट जुनी बॅकअप म्हणून बाजूला ठेवतो, त्यामुळं नेमकी लिहितानाच लाईन गेली तरी आधीची हाताशी असते. पुन्हा सुरू करताना तीच कमांड, फक्त शेवटी स्पेस देऊन १. प्रक्रियांची संख्या आधी होती तेवढीच हवी. ४ वर थांबलेलं ३ वर उठत नाही. आणि तो १ विसरलात तर कोड पहिल्यापासून सुरू होतो आणि जुन्या आउटपुटावरून फिरतो. मला हे कसं माहीत ते विचारू नका.

दुसरा उपाय जास्त छान. चालू असताना आउटपुट फोल्डरात 'स्टॉप' नावाची रिकामी फाइल तयार केली की गॅजेट हातातलं पाऊल संपवतो, रीस्टार्ट फाइली लिहितो आणि नीट बंद होतो. कमांड आहे 'टच, स्पेस, स्टॉप'. मी डेस्कटॉपवर एक आयकॉन करून ठेवलाय, नाव 'थांब', त्यावर दोनदा क्लिक केलं की ही फाइल तयार होते. घर दुकानाच्या मागंच आहे. आई चौथी शिकलेली, माऊस तिनं आधी कधी धरला नव्हता. पण इन्व्हर्टरचा पीकपीक आवाज तिला माझ्या आधी ऐकू येतो. आता ती रात्री उठते, चष्मा लावते, 'थांब' वर टकटक करते आणि सकाळी मला सांगते, "तुह्यं आकाश बंद केलं मी, वाजून रायलं होतं."

चित्र. आउटपुटमध्ये 'स्नॅपशॉट ०००', '००१' अशा फाइली येतात. पायथनमध्ये एच५पाय नं फाइल उघडायची, 'पार्टटाइप२' या गटात तबकडीचे तारे असतात, त्यातलं 'कोऑर्डिनेट्स' घ्यायचं, पहिला रकाना एक्स, दुसरा वाय, आणि मॅटप्लॉटलिबनं बारीक ठिपके मारायचे. दोन्ही अक्ष सारख्या मापाचे ठेवा, नाहीतर गोल तबकडी भाकरी ताणल्यासारखी दिसते. 'पार्टटाइप१' म्हणजे कृष्णद्रव्य, ते काढलं तर नुसतं धुकं. पहिल्या भेटीनंतर ताऱ्यांच्या लांब शेपट्या बाहेर फेकल्या जातात. टूम्रे या संशोधक बंधूंनी १९७२ मध्ये दाखवलं होतं की आकाशात दिसणाऱ्या अशा शेपट्या नुसत्या भरतीच्या ओढीनं तयार होऊ शकतात. त्या स्वतःच्या स्क्रीनवर निघताना पाहिल्या त्या रात्री मी आईला उठवलं होतं.

पण शेपट्या दिसल्या म्हणून जमलं असं धरू नका. चूक असलेल्या सिम्युलेशनमध्येही शेपट्या सुरेख निघतात. आकडा बघायचा. आउटपुटमध्ये 'एनर्जी डॉट टीएक्सटी' असते: पहिला रकाना वेळ, दुसरा वायूची अंतर्गत ऊर्जा (आपल्याकडं शून्य), तिसरा स्थितिज, चौथा गतिज. तिसरा आणि चौथा मिळवा, पहिल्या ओळीच्या बेरजेशी ताडून पाहा. बाहेरून कोणी ढकलत नाही, तेव्हा बेरीज जवळपास तशीच राहायला हवी. मी एक टक्क्याच्या आत असेल तर पास करतो. जास्त सरकली तर परममधला 'एररटॉलइंटअ‍ॅक्युरसी' निम्मा करून पुन्हा चालवतो, म्हणजे वेळेची पावलं बारीक होतात. मात्र स्थितिज ऊर्जा हवी असेल तर कॉन्फिगमध्ये 'इव्हॅलपोटेन्शियल' चालू पाहिजे.

आणि तुमचं माझं शेवटच्या आकड्यापर्यंत जुळेल अशी आशा धरू नका. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवा, उत्तर येतं ०.६ आणि शेपटाला एक बारीकसा १. आधी ०.२ आणि ०.३ मिळवा, मग ०.१, तर स्वच्छ ०.६. मी चार प्रक्रियांवर चालवतो, भाची दोनवर, बेरजांचा क्रम वेगळा, तो बारीकसा १ साठ हजार कणांच्या गोंधळात वाढत जातो. एकेक कण वेगळ्या जागी जाईल, पण शेपट्या, विलीन होण्याची वेळ, ऊर्जा जुळली पाहिजे. डीएम-एल५०-एन१२८ मध्ये सुरुवातीची स्थिती गॅजेट स्वतःच बनवतो, तिथं 'सीड' चा (ज्यावरून यादृच्छिक सुरुवात ठरते तो) आकडाही तोच ठेवा, नाहीतर दोघांची विश्वंच वेगळी.

म्हणून मी दर वेळेला वहीत लिहितो. फॉर्मांचा हिशेब ठेवतो तीच वही, मागून सुरू केलेली. 'गिट लॉग डॅश १' मारून येणाऱ्या, कोडाची आवृत्ती सांगणाऱ्या लांबलचक क्रमांकाची पहिली दहा अक्षरं, प्रक्रिया किती, कॉन्फिगमध्ये काय बदललं, परममध्ये काय, आणि सुरुवातीच्या फाइलीवर 'एसएचए२५६सम' (फाइलीचा ठसा काढणारी कमांड) चालवून येणाऱ्या ठशाची पहिली आणि शेवटची आठ अक्षरं. मग दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कुठं शोधायचं ते कळतं. एनर्जीच्या पहिल्याच ओळीत फरक असेल तर सामग्रीच वेगळी आहे. पहिली ओळ जुळून पुढं हळूहळू फाटे फुटत असतील तर तो बेरजेच्या क्रमाचा खेळ.

तिसऱ्या संध्याकाळी भाचीचा फोन, "मामा, माही एनर्जी पॉझिटिव्ह येऊन रायली." एकमेकींना धरून असलेल्या वस्तूंची एकूण ऊर्जा ऋण असते, एवढं तिला कॉलेजात शिकवलंय, म्हणून घाबरली होती. मी म्हटलं पहिली ओळ वाच. तिसऱ्या रकान्यात शून्य. दुसरी ओळ, शून्य. गतिज माझ्याशी तंतोतंत. "इव्हॅलपोटेन्शियल घातलंस का कॉन्फिगमध्ये?" घातलं म्हणाली, फोटोही पाठवला, खरंच घातलेलं. "मग मेक मारलंस?"

फोनवर बराच वेळ काहीच नाही. मग होस्टेलच्या खोलीत कीबोर्ड वाजल्याचा आवाज.

तासाभरानं तिनं आकडे वाचले. पहिल्या ओळीतले मी वहीत घेतलेले पाचही अंक जुळले, शेवटच्या ओळीत चौथ्या अंकाला फरक पडला. तिच्या दोन प्रक्रिया, माझ्या चार. वहीत तिचे आकडे माझ्याशेजारी लिहून घेतले.